मोतिया रंगाचं मखर

नारळी पौर्णिमेचा दुसरा दिवस होता, रक्कम होती अठ्ठावीस रुपये, आणि हजर होतो आम्ही चौघं: बाबा, आई, मधुकाका आणि मी. बाबांनी रंगाच्या खर्चाच्या नोटा ओटीवरच्या बाकावर ठेवल्या, वाऱ्याने उडू नयेत म्हणून वर अडकित्ता ठेवला आणि काकाला म्हणाले, "मखर नीट झालं तर मागची शेड तुझी. पण चार माणसांनी बघून बरं म्हटलं पाहिजे." काका म्हणाला, "चार काय दादा, अख्खी अंधेरी बघायला येईल." आई उंबऱ्याशी तांदूळ निवडत होती. हे मी सगळ्यात आधी लिहून ठेवते, कारण पुढे बाबा म्हणायचे की मी फक्त 'बघू' म्हणालो होतो. ते 'बघू' म्हणाले नव्हते. 'शेड तुझी' असंच म्हणाले होते.

आमचं घर अंधेरीला, पूर्वेच्या बाजूला. बाबांनी कर्ज काढून बांधलेलं चार खोल्यांचं बैठं घर, पुढे ओटी, मागे विहीर, आणि विहिरीपलीकडे ती पत्र्याची शेड. तिच्यात जळाऊ लाकडं, नारळाच्या सोडणांचं पोतं आणि एक मोडकी सायकल असे. जवळच गवळ्यांचे तबेले होते, त्यामुळे पहाटे जाग यायची ती बादल्यांच्या आवाजाने. सांताक्रूझला उतरणारी विमानं घरावरून खाली खाली जात, तेव्हा मांडणीतली पितळी भांडी एकमेकांना लागून किणकिणत. आई त्या आवाजावर चुलीवरून नजर न काढता म्हणायची, "गेलं." बाबा एका विमा कचेरीत हेडक्लार्कच्या खालच्या खुर्चीवर होते. मी मॅट्रिकच्या वर्गात होते. आणि मधुकाका, बाबांचा धाकटा भाऊ, दोनदा मॅट्रिकला बसून दोनदा आपटला होता. तो सांताक्रूझला एका मोटारीच्या गॅरेजात रंगकाम करायचा आणि ओटीवर झोपायचा. त्याच्या नखांच्या कडांना नेहमी कुठला ना कुठला रंग लागलेला असे. बाबांना पाहुण्यांसमोर त्याची लाज वाटे. "हा माझा भाऊ, मोटार कंपनीत आहे," असं ते सांगत आणि काका हात पाठीमागे घेऊन उभा राहत असे.

मखर आईचं होतं. तिच्या लग्नानंतरच्या पहिल्या गणपतीला तिच्या वडिलांनी कुडाळहून पाठवलेलं. परसातला फणस पडला, त्याच्या लाकडाचं त्यांनी स्वतः उभं राहून करवून घेतलेलं. चार खांब, वर कमान, कमानीवर समोरासमोर दोन पोपट, मध्ये कमळ. एके काळी त्यावर लाल-हिरवा रंग आणि सोनेरी बेगड होती म्हणे. मला आठवतं तेव्हापासून ते काळसर तपकिरी, तुळतुळीत होतं. हा तुळतुळीतपणा आईच्या हातचा. दरवर्षी दिव्यांच्या अवसेला ती घरातले दिवे घासून झाले की मखर माळ्यावरून उतरवून घ्यायची आणि खोबरेल तेल कोमट करून, जुन्या लुगड्याच्या बोळ्याने त्याला चोळायची. पोपटांच्या चोचीत, कमळाच्या पाकळ्यांत बोट घालून. तिच्या माहेरी देवाच्या लाकडाला असंच करायचे. कोरडं लाकूड देवापुढे ठेवायचं नाही, आणि कोरडं घराबाहेरही जाऊ द्यायचं नाही.

काकाच्या मनात काय आलं ते त्याने आधी मला सांगितलं होतं. गॅरेजात एका डॉक्टरीणबाईंनी आपल्या मोटारीबरोबर एक जुनी लाकडी आरशाची चौकट रंगवून मागितली होती. काकाने ती फवाऱ्याने रंगवली आणि बाई इतक्या खूश झाल्या की त्यांच्या ओळखीच्या दोघींनी चौरंग आणि कोपऱ्यातली टेबलं पाठवली. "शाले, ब्रशाने रंग लावला की नक्षी बुजते," काका हात नाचवत म्हणाला. "बंदुकीने मारला की पोपटाचं पीस न् पीस वेगळं राहतं. या अंधेरी-पार्ल्यात घरोघर जुनं लाकूड पडलंय. टाकवत नाही आणि ठेववत नाही. मी त्याला नवं करून देणार. एक हवेचा पंप, एक बंदूक आणि एक शेड, बस." पंप त्याला गॅरेजचा शेठ जुना काढून द्यायला तयार होता. अडलं होतं ते शेडीपाशी. सव्वीस वर्षांचा माणूस, भावाच्या ओटीवर झोपणारा, आणि त्याचं सगळं पुढचं आयुष्य त्या लाकडाच्या ढिगाऱ्याच्या जागेवर अवलंबून.

आईला विचारलं तेव्हा ती म्हणाली, "देवाच्या मखराला बंदूक मारणार?"

"वहिनी, गोळी नसते हो तिच्यात."

"ते कळतं मला. पण माझ्या बाबांचं आहे ते."

"म्हणून तर. दुसऱ्या कुणाचं असतं तर मी हातच लावला नसता."

आईने पदराने हात पुसले. मग म्हणाली, "कुठला रंग?" तेव्हाच आम्हाला कळलं की ती हो म्हणाली. आईचा या दिरावर जीव होता. लग्न होऊन आली तेव्हा तो सात-आठ वर्षांचा होता आणि तिच्या हातून जेवायचा.

पुढचे आठ दिवस विहिरीपाशी काम चाललं. काका गॅरेजातून आला की धोतर खोचून बसायचा. आधी कॉस्टिक सोड्याचं गरम पाणी, मग काथ्याने घासणं, मग पॉलिश पेपर. तेल मुरलेलं लाकूड रंग धरत नाही, एवढं त्याला ठाऊक होतं. सोड्याच्या पाण्यातून तपकिरी, चिकट काट निघायची आणि काका ती मला दाखवायचा. "बघ, तुझ्या आईची अठरा वर्षांची सेवा." आई स्वयंपाकघराच्या दारातून ऐकायची. मखर दिवसेंदिवस फिकट होत गेलं. शेवटी उन्हात वाळायला ठेवलं तेव्हा ते राखेसारखं दिसत होतं, तापातून उठलेल्या माणसासारखं. पोपटांचे डोळे पांढरे पडले होते. काकाने सगळ्यांना बजावलं, "आता याला कुणी हात लावायचा नाही. रविवारी सकाळी हातगाडी येईल." रविवारीच, कारण त्या दिवशी गॅरेज बंद असे आणि शेठ त्याला बंदूक वापरू देणार होता.

सोमवारी संध्याकाळी मखर परत आलं, जुन्या चादरींत गुंडाळलेलं. ओटीवर काकाने चादर काढली आणि सगळे पुढे सरकले. मोतिया रंग. कुणा पारशी गृहस्थाच्या मोटारीसाठी बनवलेला, त्यातला उरलेला. पाच पातळ हात दिले होते, आणि कमानीची कड, पोपटांच्या चोची, कमळाचा गाभा सोनेरी. काका म्हणाला होता ते खरं होतं, पिसं मोजता येत होती. कंदिलाचा उजेड त्यावरून घरंगळत होता. शेजारचे सामंत, मालवणचे, जिभेला हाड नसलेले, ते बघून म्हणाले, "मधू, सगळा झाला, पण हॉर्न खंय बसवलंस रे?" सगळे हसले. काकाही हसला, पण हसताना त्याचं लक्ष बाबांकडे होतं. बाबांनी चष्मा वर करून एका खांबावरून बोट फिरवलं, बोटाकडे पाहिलं आणि म्हणाले, "बरं आहे." सामंतांच्या बायकोने त्याच वेळी आपल्या घरचा झोपाळा रंगवून द्यायला सांगितलं. काकाने जेवताना दोन वेळा भात मागून घेतला. मध्येच मला म्हणाला, "गॅरेजात काल सारखा खोबरेलाचा वास येत होता गं. मग लक्षात आलं, माझंच डोकं. वहिनींनी सकाळी तेल थापलं होतं." आई वाढत होती. तिने काकाच्या ताटात आणखी एक पळी आमटी घातली आणि ती आत गेली.

माझी सून मागच्या महिन्यात गच्चीवर वर्तमानपत्रं पसरून बसली होती. हल्ली रंग डब्यातच हवेसकट भरून मिळतो, बटण दाबलं की फवारा. तिने माझ्या सासूबाईंच्या वेळची फोटोंची चौकट आणि दोन लाकडी हत्ती अर्ध्या तासात पांढरेशुभ्र केले आणि मला विचारलं, "आई, कसे दिसतायत?" मी म्हटलं, "आधी तेल होतं का यांना?" तिला प्रश्न कळला नाही. मी समजावलं नाही. वासाने माझं डोकं चढलं होतं, मी खाली आले.

चतुर्थीला गणपती बसला आणि दिवसभर माणसं येत राहिली. मूर्तीपेक्षा मखराकडे जास्त बघत होती. उकडीचे मोदक करता करता आईच्या बोटांची सालं निघाली. भाद्रपदातली दमट, घामट हवा, खोलीत माणसांची दाटी, मखराच्या दोन्ही अंगांना तेवणाऱ्या समया. रात्री मी निर्माल्य काढताना पाहिलं, डाव्या खांबावर, समईच्या वरच्या बाजूला, पुरळ उठावी तसे बारीक फोड आले होते. काकाला दाखवले. त्याने वाकून पाहिलं, नखाने एक फोड दाबला आणि तो मऊ लागला. "उष्णतेने असेल," तो म्हणाला, आणि त्याने समई वीतभर लांब केली.

दुसरा दिवस ऋषीपंचमीचा. त्या दिवशी आईचा कंदमुळांच्या भाजीचा मोठा खटाटोप असे. सुरण, अळूची देठं, मक्याची कणसं, भेंडी, सगळं एका पातेल्यात, तेल नाही, बैलाच्या कष्टाचं धान्य नाही. घरभर त्या भाजीचा मातकट वास होता. संध्याकाळी बाबांच्या कचेरीतले हेडक्लार्क सहकुटुंब आले. बाबांनी आरतीसाठी त्यांना पुढे घेतलं. तबक बाबांच्या हातात, झांजा काकाच्या. दुसरी आरती चालू असताना डाव्या खांबावरचा रंग सुटला. फोडांचा एकच मोठा पापुद्रा झाला होता, दुधावरची साय उचलावी तसा तो वरून सुटून लोंबायला लागला, आणि त्याचं टोक समईच्या ज्योतीत गेलं. मोटारीच्या त्या रंगाला आग किती लवकर लागते ते काकाशिवाय कुणाला माहीत नव्हतं. पापुद्रा भर्रकन पेटला आणि मूर्तीच्या गळ्यातल्या कापसाच्या वस्त्रांवर पडला.

काकाने झांजा टाकल्या आणि दोन्ही तळव्यांनी आग दाबली. सगळं श्वास घ्यायच्या आत झालं. पण मूर्तीचा डावा गाल आणि सोंड काळी पडली होती, शाडू तडकली होती. आरती थांबली. हेडक्लार्कच्या लहान मुलीने विचारलं, "बाप्पा भाजला?" तिच्या आईने तिला ओढून कडेवर घेतलं. ते लोक प्रसाद न घेता गेले. बाबा त्यांना फाटकापर्यंत सोडायला गेले आणि परत आले तेव्हा त्यांच्या हातात तबक तसंच होतं, निरांजन विझलेलं.

"हे काय केलंस तू?" त्यांनी काकाला विचारलं. आवाज चढला नव्हता.

काका मखरापुढे बसला होता. त्याने खांबावरचा उरलेला पापुद्रा ओढला, तो हातभर लांब निघाला. आत लाकूड ओलसर चमकत होतं. त्याने पापुद्रा उलटा केला आणि नाकाशी नेला. मग मान वळवून आईकडे पाहिलं. आई भिंतीला टेकून उभी होती. एवढंच मी पाहिलं. काका उठला आणि म्हणाला, "चूक झाली, दादा. मोटारीचा पत्रा वेगळा, लाकूड वेगळं. मला जमलं नाही."

रात्री काकाचे हात खोबरेल लावून बांधले. घरात जळल्यावर तेच लावायचे. मग तो ओटीवर गेला. मी माजघरात पडले होते. स्वयंपाकघरात आई भांडी आवरत होती, बाबा पाटावर बसले होते. आईने सांगून टाकलं. रविवारी सकाळी, हातगाडी यायच्या आधी, तिने मखराला तेल लावलं होतं. दरवर्षीपेक्षा जास्तच, आणि मग फडक्याने टिपून कोरडं दिसेलसं केलं होतं. "परक्या ठिकाणी जायचं होतं त्याला. किती रखरखीत दिसत होतं. बाबांनी दिलेलं, असं कोरड्या अंगाने कसं पाठवू? मला वाटलं, वरून रंगच तर लावायचा आहे."

बाबांचा पाट सरकल्याचा आवाज आला. मग म्हणाले, "मधूला सांगितलंस?"

"नाही. उद्या सांगते."

"सांगू नकोस. सांगून मूर्ती गोरी होणार आहे?"

"पण त्याची शेड..."

"शेडीचं मी एका सोडा-लेमनच्या बाटल्या भरणाऱ्याशी बोललोय. श्रावण लागला तेव्हाच. दर महिन्याला भाडं देईल तो. कर्जाचा हप्ता निघतो त्यात अर्धा."

"म्हणजे त्याला शब्द दिलात त्याच्या आधी?"

"मखर नीट झालं तर, असं म्हणालो होतो. झालं का नीट?"

 भांड्यांचा आवाज थांबला. या वयाला मला बाबांचं कर्ज कळतं, कचेरीतल्या साहेबासमोर गेलेली अब्रू कळते. दोन्ही खरी होती. पण त्या पाटावर बसून त्यांनी जी सुटका अनुभवली, तीही मी आवाजात ऐकली, आणि तिच्यासाठी मला आजपर्यंत काही सबब सापडलेली नाही. आईबद्दल मी अनेक वर्षं मनात भांडले. ती घाबरट नव्हती. सामंतांच्या बायकोला तोंडावर सुनावणारी बाई. पण नवऱ्याने एकदा नको म्हटल्यावर तिने तो विषय दिराजवळ मरेपर्यंत काढला नाही. तिची समजूत अशी की ज्याला सांगायचं त्याला आपण सांगून मोकळे झालो.

काकाला तर माहीतच होतं. हे त्याने मला सांगितलं ते पुष्कळ पुढे, माझ्या मुलाच्या मुंजीत, पंगतीतून उठून हात धुताना. पापुद्र्याच्या आतल्या अंगाला खोबरेलाचा वास होता, आणि त्याने स्वतः ते लाकूड सोड्याने धुतलं होतं. घरात तेलाची वाटी घेऊन मखराजवळ जाणारं माणूस एकच. "दादाला कळलं असतं तर वहिनींना जन्मभर ऐकवलं असतं त्याने," काका म्हणाला. "म्हणून मी माझ्यावर घेतलं." त्याला अजूनही वाटत होतं की त्याने आईला वाचवलं. बाबांना त्याच रात्री कळलं होतं, हे मी त्याला सांगणार होते. त्याच्या हातांवरचे पांढरे डाग ओले होऊन चकाकत होते. मी पंचा पुढे केला.

ऋषीपंचमीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी भटजी आले. मूर्ती बघून ते बाबांना म्हणाले, "वामनराव, उत्तरपूजा करून आजच विसर्जन करा. आणि अग्नीचा दोष आहे, पितृपक्ष लागायच्या आत शांत करून घ्या." आमचा पाच दिवसांचा गणपती आम्ही तिसऱ्याच दिवशी पोचवला. सामंत एकटेच बरोबर आले, त्यांनीही थट्टा केली नाही. मखर माळ्यावर गेलं, अर्धं मोतिया, अर्धं काळपट. सामंतांच्या झोपाळ्याचं त्यांच्या बायकोने पुन्हा नाव काढलं नाही, डॉक्टरीणबाईंची मैत्रीण आपलं टेबल परत घेऊन गेली. शेडीबद्दल काकाने विचारलं नाही. बाबांनीच एकदा जेवताना सांगितलं, "देवाचं मखर ज्याच्या हातून टिकलं नाही, त्याच्याकडे लोक आपलं सामान कसे देतील? तूच विचार कर." काकाने मान हलवली आणि जेवत राहिला. पट्टी बांधलेल्या हाताने त्याला घास नीट घेता येत नव्हता. आईने भात मऊ कालवून दिला.

अग्निदोषाची शांत झाली ती अनंत चतुर्दशीच्या दोन दिवस आधी. सकाळी काका बाबांकडे आला. हात बरे होईस्तोवर शेठने त्याला रजा दिली होती, बिनपगारी, आणि मागच्या पगारातले जे उरले होते ते त्याने रुमालात बांधून आणले होते. "दादा, दोष माझ्यामुळे लागला. दक्षिणा मी देतो." मला वाटलं बाबा नको म्हणतील. आई तिथेच फुलं निवडत होती, तिचीही बोटं थांबली. बाबा म्हणाले, "ठीक आहे. पण ती यजमानाच्या हातून जायला हवी." आणि त्यांनी रुमाल सोडला.

होमाच्या वेळी काका बाहेर ओटीवर बसला. बाबा पाटावर, कद नेसलेले, उजव्या अंगाला आई, डोक्यावरून पदर घेऊन. संकल्पाला भटजींनी आईला सांगितलं, "वहिनी, हाताला हात लावा." तिने बाबांच्या मनगटाला दोन बोटं लावली. पाणी सोडलं, तुपाचा धूर झाला, विमान गेलं आणि मांडणीतली भांडी वाजली. शेवटी बाबांनी ताम्हनात विडा ठेवला, त्यावर पैसे, त्यावर तुळशीचं पान, आणि पुन्हा आईने हाताला हात लावला. दक्षिणा रुपये पंचवीस. दिले मधुकाकाने, सोडले बाबांनी, घेतले भटजींनी, आणि आशीर्वादाच्या अक्षता त्यांनी पाटावर बसलेल्या दोघांच्या डोक्यावर टाकल्या.